बोल्झानोच्या छायाचित्रांतून पाट्या कापू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकतीच उत्तर इटलीतील बोल्झानो या शहराची छायाचित्रे पानभर प्रसिद्ध झाली. छपाई उत्तम होती आणि छायाचित्रकाराची नजर सराईत होती, हे आधीच नमूद करतो. तरीही नोकरीनिमित्त याच शहरात राहणारा आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन याच रस्त्यांवरून फिरणारा वाचक या नात्याने मला त्या पानाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. त्या छायाचित्रांत डॉलोमाइटचे सुळके होते, खिडक्यांतली लाल फुले होती, कमानींखालची दुकाने होती. मात्र रस्त्याच्या नावाची एकही पाटी नव्हती, दुकानाचा एकही फलक वाचता येण्याजोगा नव्हता आणि या शहरात गेली शंभर वर्षे ज्यांच्यावरून वाद झाले त्या स्मारकांपैकी एकाचेही दर्शन नव्हते. फोटोओळींत शहराचे नाव केवळ इटालियन भाषेतले होते. दुसऱ्या एखाद्या शहराबाबत ही बाब किरकोळ ठरली असती. इथे ती किरकोळ नाही, कारण या शहरात चौकटीच्या कडेला काय कापले गेले यावरच ते छायाचित्र कोणाच्या बाजूने बोलते हे ठरते.

बोल्झानो हे इटालियन नाव आणि बोत्सन हे जर्मन. द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या खोलगट दरीत, दोन डोंगरी नद्यांच्या संगमावर वसलेले सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतात होते. १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख इटलीकडे गेला आणि १९२० मध्ये तो रीतसर इटलीत विलीन करण्यात आला. त्यानंतर आलेल्या फॅसिस्ट राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची आणि नद्यांची जर्मन नावे हटवून इटालियन नावे सक्तीची केली, आणि १९३५ पासून शहराच्या दक्षिणेला औद्योगिक वसाहत उभारून इटलीच्या इतर भागांतून कामगार कुटुंबे आणून वसवली. जर्मनभाषक मुलांना त्यांची भाषा त्या काळात शेतघरांत आणि माळ्यांवर चोरून भरणाऱ्या वर्गांतून शिकवावी लागत असे. युद्धानंतर १९४६ मध्ये पॅरिसला इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात या जर्मनभाषकांच्या हक्कांविषयी करार झाला. तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी मात्र आंदोलने, विजेचे मनोरे उडवण्यापर्यंत गेलेली हिंसा आणि संयुक्त राष्ट्रसंघातील चर्चा एवढे सगळे व्हावे लागले. १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने आजची घडी बसली. बोल्झानो ज्याची राजधानी आहे त्या दक्षिण टायरॉल प्रांतात जर्मन भाषेला इटालियनच्या बरोबरीचा दर्जा आहे, सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि नोकऱ्यांची विभागणी भाषिक गटांच्या प्रमाणात होते. २०११ च्या जनगणनेनुसार प्रांतात जर्मनभाषक सुमारे ६९ टक्के आणि इटालियनभाषक सुमारे २६ टक्के आहेत. राजधानीच्या या शहरात मात्र चित्र नेमके उलटे असून तिथे इटालियनभाषक सुमारे ७४ टक्के आहेत. म्हणजे देशात अल्पसंख्य असलेले लोक प्रांतात बहुसंख्य आहेत आणि त्याच प्रांताच्या राजधानीत पुन्हा अल्पसंख्य आहेत. बेळगावच्या वाचकांना यातील भावना समजावून सांगावी लागणार नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. दोन भाषांचा हा शेजार काही १९१९ नंतर सुरू झालेला नाही. आल्प्स ओलांडणाऱ्या व्यापारी मार्गावरच्या या शहरात मध्ययुगापासून मोठ्या जत्रा भरत आणि उत्तरेचे जर्मन व दक्षिणेचे इटालियन व्यापारी तिथे एकत्र येत. त्यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी टायरॉलचा कारभार तेव्हा पाहणाऱ्या क्लाउडिया दे मेदिची यांनी १६३५ मध्ये एक व्यापारी न्यायालय स्थापन केले आणि त्यात दोन्ही भाषांच्या व्यापाऱ्यांना स्थान दिले. त्या न्यायालयाची इमारत कमानींच्या रस्त्यालगत आजही आहे आणि तिथे आता संग्रहालय आहे. कमानींखालची दुकाने आपल्या पानावर छापली गेली तेव्हा त्या कमानी कशासाठी बांधल्या गेल्या, त्यांच्या सावलीत कोणत्या भाषांत सौदे झाले, एवढे एका ओळीत सांगितले असते तरी त्या छायाचित्राचे मोल वाढले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या शहरातील कला संग्रहालयाच्या भिंतींआड थांबत नाही. ती रस्त्यात उभी आहे आणि लोक रोज तिच्यासमोरून कामाला जातात. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न्यायालयाच्या चौकातील पूर्वीचे फॅसिस्ट पक्षाचे कार्यालय, ज्यात आता करविषयक सरकारी कार्यालये आहेत. त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर हान्स पिफ्राडर या स्थानिक शिल्पकाराने घडवलेले उठावशिल्प आहे. ५७ दगडी फलकांचे, सुमारे ३६ मीटर लांबीचे हे शिल्प फॅसिस्ट पक्षाची कथा सांगते; मध्यभागी घोड्यावर स्वार झालेला मुसोलिनी आहे आणि त्याच्याजवळ ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ या अर्थाची घोषणा कोरलेली आहे. राजवट कोसळली तेव्हा हे काम अपुरे होते आणि उरलेले फलक १९५७ मध्ये, म्हणजे फॅसिझम संपून बारा वर्षे लोटल्यावर, बसवण्यात आले. हे वाचून आपल्या वाचकाला जसा धक्का बसेल तसाच तो इथल्या जर्मनभाषकांना बसला होता. शिल्प फोडावे, झाकावे की तसेच ठेवावे, यावर अनेक वर्षे वाद झाला. शेवटी २०१७ मध्ये आर्नोल्ड होल्त्सक्नेख्त आणि मिकेले बेर्नार्दी या दोन कलावंतांच्या कल्पनेनुसार त्या दगडासमोर प्रकाशाची अक्षरे बसवण्यात आली. तत्त्वचिंतक हाना आरेंट यांचे ‘आज्ञा पाळण्याचा हक्क कोणालाही नाही’ या आशयाचे वाक्य तिथे जर्मन, इटालियन आणि लादीन (इथल्या काही डोंगरी खोऱ्यांत बोलली जाणारी तिसरी भाषा) या तिन्ही भाषांत लिहिलेले आहे.

छायाचित्रकाराची खरी कसोटी या भिंतीसमोर लागते. भर दुपारी गेलात तर उन्हामुळे दगडातील आकृत्यांच्या कडा उठून दिसतात, सावल्या खोल पडतात आणि प्रकाशाची अक्षरे फिकी होऊन जवळजवळ हरवतात. त्या वेळचे छायाचित्र मुसोलिनीच्या कल्पनेतल्या भिंतीचे असते. रात्र झाल्यावर गेलात तर दगड काळोखात मिसळतो आणि केवळ वाक्य तरंगताना दिसते. त्या छायाचित्रात ते वाक्य कशाला उत्तर म्हणून लिहिले आहे हेच कळत नाही. संध्याकाळी आकाशात निळसर उजेड शिल्लक असतो आणि अक्षरे पेटलेली असतात, तेवढाच काही मिनिटांचा अवधी असा असतो की दगड आणि अक्षरे दोन्ही सारख्याच ताकदीने उमटतात. अक्षरांच्या उजेडाला मोजून एक्स्पोजर घेतले तर दगड काळा पडतो आणि दगडाला मोजले तर अक्षरे पांढरीफटक होऊन वाचता येत नाहीत, म्हणून स्टँड लावून थांबावे लागते. संपूर्ण लांबी चौकटीत घ्यायची तर चौकाच्या पलीकडच्या बाजूला जावे लागते, आणि तिथून घोडेस्वार लहान होतो व त्याच्याखालून सायकलवरून घरी निघालेली, हातात कागदांची फाइल धरून कार्यालयातून बाहेर पडणारी माणसे चित्रात येतात. माझ्या मते ती माणसे चित्रात यायलाच हवीत. नुसत्या मुसोलिनीवर लेन्स जवळ आणून काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरतात, आणि ती पाहणाऱ्याला वाटते की या शहराने हुकूमशहाला अजून भिंतीवर मिरवत ठेवले आहे. शहराने काय केले हे त्या जवळच्या चौकटीत मावतच नाही.

ताल्वेरा नदीच्या पुलापलीकडे उभ्या असलेल्या विजय स्मारकाबाबतही असेच आहे. मार्चेल्लो पियाचेन्तिनी या वास्तुरचनाकाराने आखलेल्या या कमानीचे उद्घाटन १९२८ मध्ये झाले. तिचे खांब फॅसिस्टांच्या चिन्हाच्या, म्हणजे कुऱ्हाड बांधलेल्या काठ्यांच्या मोळीच्या आकाराचे आहेत, आणि वर लॅटिन भाषेत लिहिले आहे की, येथे मातृभूमीच्या सीमा आहेत, येथे निशाणे रोवा. येथूनच आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला यांनी सुसंस्कृत केले. ज्यांची भाषा, कायदे आणि कला शतकानुशतके याच दरीत नांदत होत्या त्यांच्या दारात हे वाक्य कोरणे हा अपमान होता, आणि तो तसाच घेतला गेला. स्मारक अनेक वर्षे कुंपणाआड होते. शहराने २००१ मध्ये या चौकाचे नाव बदलून ‘शांती चौक’ केले, तेव्हा त्यावर सार्वमत घ्यावे लागले आणि २००२ मध्ये मतदारांनी ‘विजय चौक’ हेच नाव परत आणले. २०१४ मध्ये स्मारकाच्या तळघरात १९१८ ते १९४५ या काळातील शहराचा आणि दोन हुकूमशाह्यांचा इतिहास मांडणारे कायमचे प्रदर्शन सुरू झाले, आणि बाहेरच्या एका खांबाभोवती दिव्यांच्या अक्षरांचे एक कडे बसवण्यात आले. ते कडे मुद्दाम एकाच खांबाला आहे. त्यामुळे संपूर्ण कमानीची समतोल मांडणी, जी तिच्या रचनाकाराला हवी होती, ती एका जागी मोडते. वेगवान शटरने काढलेल्या छायाचित्रात त्या दिव्यांची अक्षरे तुटक येतात आणि फार मंद शटरने ती धूसर होतात. मधला वेग शोधण्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ न देता कडे नसलेल्या बाजूने कमान टिपणे सोपे असते आणि ती तशी दिसतेही देखणी. अशा देखण्या छायाचित्राला छापण्यापूर्वी संपादकाने दोनदा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

शनिवारी या स्मारकाच्या भोवती आठवड्याचा बाजार भरतो. मोजे, एप्रन, चीज, भाजी, फुलांची रोपे, स्वयंपाकाची भांडी. कॅनव्हासच्या छतांवरून वर पाहिले की लॅटिन अक्षरे दिसतात आणि खाली एक आजी दोन सुऱ्यांची धार अंगठ्याने तपासत असते. शहराचे दैनंदिन जीवन कलेच्या शेजारी कसे चालते, हे दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही, आणि बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकारांच्या संग्रहांत मी ती क्वचितच पाहिली आहे.

जुन्या शहरातील वाल्थर चौक आपल्या पानावर होता, त्यातला पुतळाही होता. त्याची कथा मात्र नव्हती. वाल्थर फोन देर फोगेलवायदे हा मध्ययुगीन जर्मन कवी. हाइनरिख नाटर याने घडवलेला त्याचा पांढऱ्या संगमरवरातील पुतळा १८८९ मध्ये, म्हणजे ऑस्ट्रियाच्या काळात, इथे उभारला गेला. दक्षिणेला इटालियनभाषक त्रेंतो शहराने १८९६ मध्ये उत्तरेकडे हात केलेला इटालियन महाकवी दांतेचा पुतळा उभारला. फॅसिस्ट राजवटीने १९३५ मध्ये वाल्थरला चौकातून काढून एका बागेत हलवले आणि तो मूळ जागी परत यायला १९८१ साल उजाडावे लागले. आज त्याच्या पायथ्याशी बसून दोन्ही भाषांतली मुले आइस्क्रीम खातात. पुतळ्याचे नुसते सुंदर छायाचित्र आणि हे सारे जाणून काढलेले छायाचित्र यांत दिसायला फरक नसेलही. फोटोओळीत मात्र तो असायला हवा, आणि फोटोओळ ही वृत्तपत्राची जबाबदारी आहे.

समकालीन कलेच्या बाबतीत म्यूझिऑन या संग्रहालयाचा उल्लेख करायलाच हवा. २००८ मध्ये उघडलेली त्याची काचेची इमारत जुने शहर आणि नदीपलीकडचे नवे शहर यांच्या मधोमध उभी आहे, आणि तिच्यामागून नदीवर दोन वळणदार पूल जातात. उद्घाटनाच्या प्रदर्शनातच मार्टिन किपेनबर्गर या जर्मन कलावंताच्या क्रुसावरील बेडकामुळे मोठे वादळ उठले होते आणि ते प्रकरण थेट पोपपर्यंत गेले होते. २०१५ मध्ये घडलेला प्रसंग त्याहून बोलका आहे. मिलानच्या दोन कलावंत स्त्रियांनी, गोल्डश्मीड आणि कियारी यांनी, शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या, कागदी झिरमिळ्या आणि उधळलेले सामान मांडून १९८० च्या दशकातील चंगळवादावर एक मांडणशिल्प केले होते. रात्रीच्या मेजवानीचा पसारा समजून सफाई कर्मचाऱ्यांनी ते सगळे उचलून पिशव्यांत भरले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी हसण्यावारी नेली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. ज्या शहरात लोक सकाळी लवकर उठून कचरा नीट वेगळा करतात, तिथे त्या कर्मचाऱ्यांनी आपले काम चोख केले होते, आणि काही दिवसांत कलाकृतीही पुन्हा मांडली गेली. छायाचित्र काढणाऱ्याला या प्रसंगाकडून घेण्यासारखे हे आहे की मांडलेली वस्तू आणि तिला हात लावणारे माणूस यांतले कोण महत्त्वाचे, हे त्याने कॅमेरा उचलण्याआधी ठरवू नये.

शहराच्या उत्तरेला खडकावर उभ्या असलेल्या रुंकेलष्टाइन किल्ल्यातील भित्तिचित्रे आणि डोमिनिकन चर्चमधील इटालियन चित्रकार जोत्तोच्या परंपरेतील चौदाव्या शतकातली चित्रे यांविषयी मार्गदर्शक पुस्तकांत पुरेसे येते. रुंकेलष्टाइनविषयी एवढेच सांगतो की १३८५ मध्ये तो विकत घेणारे फिंटलर बंधू हे धनाढ्य सावकार घराण्यातले होते आणि त्यांनी भिंतींवर देवादिकांऐवजी शिकार, नृत्य, चेंडूचा खेळ आणि त्रिस्तानसारख्या प्रेमकथा रंगवून घेतल्या. सहाशे वर्षांपूर्वीच्या सुखवस्तू लोकांचे दैनंदिन जीवनच ते.

दैनंदिन जीवनाचे चित्रण या भूमीत नेहमीच निरागस नव्हते, हे सांगितल्याशिवाय माझा आग्रह का आहे हे कळणार नाही. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्यातील समझोत्यानुसार इथल्या जर्मनभाषकांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: जर्मन राइखमध्ये स्थलांतर करा, किंवा इथेच राहून इटालियन व्हा. बहुतेकांनी जाण्याचा पर्याय निवडला. युद्धामुळे प्रत्यक्षात गेले ते सुमारे ७५ हजार. घराघरांत फूट पडली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. याच सुमारास नाझींच्या एसएस संघटनेच्या संशोधन शाखेने नेमलेली एक सांस्कृतिक समिती या डोंगरांत खेडोपाडी फिरत होती. तिने शेतघरे, अवजारे, पेहराव, सणवार यांची छायाचित्रे आणि रेखाटने जमवली, लोकगीते ध्वनिमुद्रित केली. अभ्यासकांना ती सामग्री आजही उपयोगी पडते, हे मान्य आहे. पण ती जमवण्यामागे एका अख्ख्या लोकसमूहाला त्याच्या भूमीतून उचलून दुसरीकडे रोवायचा बेत होता, आणि त्यात निवडला गेलेला शेतकरी हा वंशाचा नमुना म्हणून निवडला गेला होता. उलट बाजूला इटलीच्या फॅसिस्ट राजवटीच्या प्रचारात बोल्झानो म्हणजे रुंद सरळ रस्ते, नव्या कमानी आणि कारखान्यांच्या चिमण्या. जुन्या शहरातला जर्मन बोलणारा माणूस त्यात नव्हताच. दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांनी खरेच काही टिपले आणि दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांनी शेजाऱ्याला चौकटीबाहेर ठेवले. पारंपरिक पोशाखातील शेतकरी, लाकडी गच्ची आणि मागे बर्फाचे शिखर हे पर्यटनाच्या पोस्टकार्डांनी नंतर रूढ केलेले दृश्य त्याच सवयीचा सौम्य अवतार आहे. आपल्या पुरवणीतली छायाचित्रे कोणत्याही वाईट हेतूने निवडली गेली नव्हती, याबद्दल मला शंका नाही. तरी कापलेल्या पाट्या पाहून मला हे सगळे आठवले, ते यासाठी.

म्हणून बाहेरच्या छायाचित्रकाराने नदीपलीकडे जावे. तिथे १९३० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन कामगारांसाठी बांधलेली सेमीरुराली नावाची वसाहत होती. दुमजली छोटी घरे, प्रत्येकापुढे भाजीचा वाफा, कारण खेड्यातून आलेल्या माणसाला माती लागते असे योजनाकारांना वाटले. ती घरे पुढे पाडून मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. नमुन्यादाखल जतन केलेल्या एका घरात आता छोटे संग्रहालय आहे. ईशान्य इटलीतील व्हेनेतोतून आलेल्या त्या कामगारांची नातवंडे आज याच शहराला आपले गाव म्हणतात, आणि ‘तुम्ही इथले नाही’ हे ऐकण्याचे दुःख त्यांच्याही घरांत आहे. जवळच रेझिया रस्त्यावर १९४४-४५ मधील नाझी छळछावणीची भिंत उभी आहे; हजारो माणसे, त्यांत राजकीय कैदी, ज्यू आणि प्रतिकारकांचे नातेवाईक, इथून पुढे उत्तरेकडच्या छावण्यांत पाठवली गेली. भिंतीला लागून शाळेत जाणारी मुले चालतात. इथे डॉलोमाइट दिसत नाहीत, फुलांनी भरलेल्या खिडक्या फारशा नाहीत, आणि म्हणून इथली छायाचित्रे पुरवण्यांत येत नाहीत.

जुन्या शहराच्या फळबाजारातही पाहण्यासारखे बरेच आहे, फक्त जरा जवळ जावे लागते. सफरचंदे, शरद ऋतूत चेस्टनट, ओल्या मातीचा वास येणाऱ्या अळंब्या. प्रत्येक पेटीत खोचलेले किमतीचे पुठ्ठे हाताने लिहिलेले असतात आणि त्यावर वस्तूचे नाव दोनदा असते. कुठे जर्मन वर आणि इटालियन खाली, कुठे उलट. कुठे दोन नावे दोन वेगळ्या हस्ताक्षरांत, कारण सकाळी एकाने दुकान मांडले आणि नावे दुसऱ्याने पुरी केली. विक्रेता एका गिऱ्हाइकाशी टायरॉलच्या बोलीत बोलता बोलता पुढच्याकडे वळून इटालियनमध्ये सुरू होतो; कागदी पिशवी गुंडाळणारा हात थांबत नाही. कॅमेऱ्यात आवाज येत नाही, पण ते पुठ्ठे येतात. पार्श्वभूमी पुसट करण्याची हौस असलेला छायाचित्रकार सफरचंदावर फोकस करून ते पुठ्ठे धूसर करतो आणि मग ते सफरचंद कुठल्याही बाजारातले असू शकते.

या कामाचा आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. १९५२ मध्ये याच शहरात जन्मलेले वाल्टर नीडरमायर यांनी आल्प्सची अशी छायाचित्रे काढली की त्यांत पर्वत फिकट, जवळजवळ पांढरे असतात, आणि त्यांच्यावर स्कीइंग करणारी, रांगेत उभी असलेली, दोराला धरून चढणारी माणसे ठिपक्यांसारखी विखुरलेली असतात. एकच दृश्य ते दोन किंवा अधिक चौकटींत फोडून शेजारी मांडतात आणि चौकटींमधल्या सांध्यात काहीतरी निसटलेले राहते. पर्यटकाला वगळून पर्वत दाखवणे त्यांनी नाकारले. ब्रुनेकजवळ क्रोनप्लाट्झ शिखरावर २२७५ मीटर उंचीवर जुन्या रोपवेच्या स्थानकात २०१८ मध्ये पर्वतीय छायाचित्रणाचे लुमेन हे संग्रहालय सुरू झाले आहे. महाराष्ट्रातील गिर्यारोहक मित्रमंडळी इथले विख्यात गिर्यारोहक रायनहोल्ड मेस्नर यांच्या बोल्झानोजवळच्या संग्रहालयाला आवर्जून जातात. त्यांनी लुमेनसाठीही एक दिवस काढावा.

आपल्या वाचकांपैकी जे इथे कॅमेरा घेऊन येतील त्यांच्यासाठी कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. इटलीच्या १९४१ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, सार्वजनिक प्रसंग आणि काही ठरावीक अपवाद सोडता, व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय वारशातील वास्तू व कलाकृतींच्या छायाचित्रांचा व्यावसायिक वापर करायचा तर २००४ च्या वारसा संहितेनुसार परवानगी आणि शुल्क लागू शकते; खासगी व अभ्यासाच्या वापरासाठी २०१४ पासून नियम बरेच सैल झाले आहेत. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र छापण्याची मुभा आपल्या १९५७ च्या कायद्यात आहे. तशी सरसकट मुभा इटलीत नाही, हे वृत्तपत्रांनीही ध्यानात ठेवावे. कायद्यापलीकडची गोष्ट म्हणजे विचारणे. शहरात इटालियनने आणि वरच्या खेड्यांत जर्मनने सुरुवात करावी, असा इथला साधारण रिवाज आहे. मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण समोरच्याच्या भाषेत विचारले तर चेहरा खुलतो आणि बहुधा होकार मिळतो. इंग्रजीत विचारले तर होकार मिळतो, पण माणूस ताठ उभा राहतो, आणि ते छायाचित्रात उतरते.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. या भागातील छायाचित्रे छापताना फोटोओळीत गावाची दोन्ही नावे द्यावीत, मूळ छायाचित्रात पाटी असेल तर पानाच्या सोयीसाठी ती कापू नये, आणि स्मारकाचे छायाचित्र असेल तर त्यावर शहराने नंतर काय जोडले ते दिसणारीच चौकट निवडावी. येत्या हिवाळ्यात ग्रोडन खोऱ्यातील बर्फाची आणि तिथल्या लाकडी कोरीवकामाची छायाचित्रे आपल्याकडे नक्कीच येतील, आणि तिथे दोन नावांनीही भागणार नाही. लाकडाच्या मूर्ती कोरणारे ते प्रसिद्ध गाव जर्मनमध्ये सांक्ट उलरिश, इटालियनमध्ये ओर्तिझेई आणि लादीनमध्ये उर्तिजेई. प्रांतात लादीनभाषक जेमतेम साडेचार टक्के असले तरी त्या गावातील बहुसंख्य लोक घरात हीच भाषा बोलतात, म्हणून त्या फोटोओळीत उर्तिजेई हे नाव पहिले यावे.

आपला,
एक वाचक
बोल्झानो / बोत्सन